शुभंकराची विचारपूस: स्मृतिभ्रंश असलेल्या घरात सांभाळणाऱ्याला आधार कसा द्यावा

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला भेटायला आलेला प्रत्येक जण त्या माणसाचीच चौकशी करतो. जेवण जातं का, माणसं ओळखतात का, झोप लागते का. त्याच घरात जी सून, जी बायको किंवा जो मुलगा दिवसरात्र त्यांच्यामागे असतो, त्याच्या वाट्याला निघता निघता ‘तू पण तब्येतीकडे बघ गं’ एवढंच येतं. मराठी स्वमदत गटांमध्ये अशा सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात आणि रुग्णाला ‘शुभार्थी’. हे लेखन शुभंकराला आधार द्यायला जाणाऱ्यांसाठी आहे. समुपदेशक, आशाताई, ज्येष्ठ नागरिक संघातले स्वयंसेवक, नणंद, दीर, शेजारीण, कुणीही.

यासाठी मोठी पदवी लागतेच असं नाही. गोव्यात याची रीतसर चाचणी झाली आहे आणि तिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. ८१ कुटुंबं होती. त्यातल्या साधारण निम्म्या घरी आठवडाभराचं प्रशिक्षण घेतलेले, बारावीपर्यंत शिकलेले स्थानिक कार्यकर्ते सहा महिने, किमान पंधरवड्यातून एकदा जात होते आणि त्यांच्या पाठीशी मानसोपचारतज्ज्ञ होते. या घरांतल्या शुभंकरांचं मानसिक आरोग्य सुधारलं, शुभार्थीच्या विचित्र वागण्याचा त्यांना होणारा त्रासही घटला. शुभार्थीच्या वागण्यात मात्र म्हणावा असा फरक पडला नाही आणि शुभंकरांवरच्या ओझ्याचं मोजमापही फारसं उतरलं नाही. हे आधीच माहीत असलेलं बरं. आजार बरा करायला आपण जात नाही.

पहिली भेट

फोन करूनच जावं. शुभार्थी झोपण्याची वेळ विचारून घ्यावी. बऱ्याच घरांत ती दुपारची असते. तिन्हीसांजेला जाऊ नये. उजेड उतरायला लागला की स्मृतिभ्रंशात अनेकदा अस्वस्थता वाढते, त्या वेळी शुभंकराचं अर्धं लक्ष आतल्या खोलीत राहतं आणि बोलणं होत नाही.

शक्यतो दोघांनी जावं. एकाने शुभार्थीजवळ बसून मटार सोलावेत, जुने फोटो बघावेत, आणि दुसऱ्याने शुभंकराला घेऊन गच्चीवर, जिन्यात किंवा देवळाच्या पारावर जावं. एका खोलीच्या घरात तर हे पाळावंच लागतं. ‘त्यांना काय कळतंय’ असं म्हणून शुभार्थीसमोरच त्याच्याबद्दल बोलणं ही सर्रास होणारी चूक आहे. शब्द विसरले तरी सूर कळतो. शिवाय सासूबाई समोर असताना सून खरं बोलणार नाही, मग सासूबाईंना काही कळो वा न कळो.

चहाला नको म्हणावं किंवा थर्मास घेऊन जावं. गोष्ट क्षुल्लक वाटते, पण चहा ठेवायला उठलेली बाई पुन्हा यजमानीण होते, आणि भेटीतली पंधरा मिनिटं जातात ती वेगळीच.

पहिल्या भेटीला तास-सव्वा तास धरावा. इथे बोललेलं घरात किंवा इमारतीत कुणाला कळणार नाही, हे सुरुवातीलाच सांगावं. अपवादही तेव्हाच सांगून टाकावा: कुणाच्या जिवाला धोका दिसला तर गप्प बसता येणार नाही.

आधी घड्याळ, मग मन

‘तुम्हाला याचं ओझं वाटतं का?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: ‘छे, ओझं कसलं, आई आहेत त्या.’ आपल्याकडे याला हो म्हणणं म्हणजे वाईट सून किंवा नालायक मुलगा ठरणं. म्हणून भावनांपासून सुरुवात करू नये. वहीचं एक पान घ्यावं, पहाटे पाचपासून दुसऱ्या पहाटेपर्यंतचे तास ओळीने लिहावेत आणि कालचा दिवस विचारत भरत जावं. त्यातच हे प्रश्न येतात: रात्री किती वेळा उठलात? सलग झोप जास्तीत जास्त किती तास? जेवताना ताटावरून उठावं लागलं का? एकट्या घराबाहेर शेवटच्या कधी पडलात? तुमच्या स्वतःच्या बीपीच्या गोळ्या कधी संपल्या?

पान भरत आलं की बहुतेक जण आपोआप बोलू लागतात, कारण आपला दिवस कागदावर त्यांनी पहिल्यांदाच पाहिलेला असतो. सलग झोप चार तासांच्या खाली असेल तर मनावरचे बाकीचे सगळे उपाय बाजूला ठेवावेत. न झोपलेल्या माणसाला श्वसनाचे व्यायाम शिकवण्यात अर्थ नाही. आधी आठवड्यातल्या दोन रात्री दुसऱ्या कुणाच्या नावावर कशा लावता येतील, ते बघावं.

शुभंकर शुभार्थीच्या झोपेच्या गोळ्यांतली एखादी स्वतः घेतो का, हेही विचारावं. हे अनेक घरांत चालतं आणि कुणी आपणहून सांगत नाही. धोका दोन्हीकडून आहे. गोळी स्वतःसाठी दिलेली नसते, आणि ती घेतल्यावर रात्री शुभार्थी पडला तरी जाग येत नाही.

शुभंकरावरच्या ओझ्याचं मोजमाप हवंच असेल तर झॅरिट या अमेरिकी अभ्यासकाची २२ प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरतात. प्रत्येक प्रश्नाला ० ते ४ गुण, एकूण ८८. साधारणपणे २१ ते ४० म्हणजे सौम्य ते मध्यम ताण, ४१ ते ६० मध्यम ते तीव्र, त्यावर तीव्र. ती परीक्षेसारखी वाचून दाखवू नये. दुसऱ्या भेटीत, ओळख झाल्यावर, गप्पांच्या ओघात भरावी. तीन महिन्यांनी पुन्हा भरली तर काय हललं आणि काय नाही ते दिसतं.

ऐकताना

काही वाक्यं चांगल्या मनाने बोलली जातात आणि दार लावून घेतात. ‘पुण्य लागेल तुला’ म्हटलं की थकले म्हणायची सोय उरत नाही, थकवा म्हणजे पुण्याला नकारच. ‘तूच करू जाणे’ हे कौतुक नसतं. सगळं तुझ्याच गळ्यात आहे, याची ती पावती असते. ‘आश्रमात ठेवा ना सरळ’ हा सल्ला पहिल्या भेटीत दिला तर दुसरी भेट होत नाही. ‘आमच्या मावशींचं तर याहून वाईट होतं’ हे तर बोलूच नये.

त्याऐवजी ऐकलेलंच नेमकं करून परत सांगावं: ‘म्हणजे रात्री चार वेळा उठून पुन्हा सहाला डबा करता.’ मग थांबावं. शांतता अर्धा मिनिट टिकली तरी ती भरून काढायची घाई करू नये, पुढचं बोलणं बहुधा त्यातूनच येतं.

नवरा शुभंकर असेल तर तो सहसा रडत नाही, कामाबद्दल बोलतो. त्याला कुकर, धुणं, बायकोला आंघोळ घालताना वाटणारा संकोच, यांबद्दल विचारावं. मन त्या वाटेने उघडतं.

‘आता सुटली तर बरं’ हे वाक्य बऱ्याच घरांत ऐकू येतं. दचकू नये, समजूतही घालू नये. ‘असं मनात येणारे तुम्ही एकटे नाही’ एवढं पुरतं. पण कोण सुटलेलं बरं, ते नीट ऐकावं. रोख स्वतःकडे असेल तर सरळ शब्दांत विचारावं: ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो आलं तर कसं, केव्हा, जवळ काय आहे हेही विचारावं. त्या माणसाला एकटं सोडू नये, घरातला झोपेच्या गोळ्यांचा साठा आणि शेतघर असेल तर कीटकनाशक लगेच बाहेर काढावं, घरातल्या एका जबाबदार माणसाला विश्वासात घ्यावं आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. तातडी असेल तर ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते आणि मराठीतून बोलता येतं. ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. हा नंबर पहिल्याच भेटीत फ्रिजवर चिकटवून यावा.

दुसरी अवघड कबुली म्हणजे ‘परवा हात उचलला गेला माझा’. इथे निवाडा करायला बसू नये. केव्हा, कशावरून, किती वेळा झालं हे विचारावं. बहुतेक वेळा ते आंघोळ, शी-शू साफ करणं किंवा रात्रीची तिसरी फेरी अशा एखाद्या ठरावीक वेळी झालेलं असतं. तेवढं एक काम दुसऱ्या हातात देता येईल का ते बघावं, आणि ‘राग चढला की त्यांना सुरक्षित बसवून दोन मिनिटं बाहेर जायचं’ हे ठरवून द्यावं. पण मारहाण चालूच असेल, अंगावर वळ दिसत असतील किंवा जेवण-औषध तोडलं जात असेल, तर तो समुपदेशनाचा विषय राहत नाही. घरातली दुसरी माणसं, डॉक्टर आणि ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन यांना सामील करून घ्यावं लागतं.

आणि एक दुःख असं आहे की ज्याला आपल्याकडे रीतच नाही. माणूस गेला की दहा दिवस घर भरलेलं असतं, लोक येऊन बसतात. इथे नवरा समोर खुर्चीत बसलाय आणि बायकोला ‘तुम्ही कोण?’ विचारतोय. पॉलीन बॉस या अमेरिकी अभ्यासिकेने अशा गमावण्याचा फार वर्षं अभ्यास केला: माणूस आहे आणि नाहीही. यात सांत्वन करण्यापेक्षा काय काय गेलं ते मोजू द्यावं. संध्याकाळचं फिरणं गेलं, भांडायला माणूस गेलं, पैशाचा हिशेब विचारायची जागा गेली.

एका वेळी एकच वागणं

नुसतं ऐकून दोन-तीन भेटींनंतर बोलणं गोल फिरू लागतं. तेव्हा शुभंकराला सर्वांत जास्त छळणारं शुभार्थीचं एकच वागणं निवडावं आणि आठवडाभर तीन रकान्यांत लिहायला सांगावं: आधी काय घडलं, मग त्यांनी काय केलं, मग आपण काय केलं. वेळही लिहायची. लिहिणं जमत नसेल तर मोबाइलवर बोलून ठेवलं तरी चालतं.

समजा, आजोबा रोज संध्याकाळी ‘मला घरी जायचंय’ म्हणून दाराशी उभे राहतात. आठवड्याची नोंद वाचल्यावर दिसतं की हे साडेपाचनंतर होतं, दुपारचा चहा चुकला तर लवकर होतं, आणि ‘बाबा, हेच आपलं घर’ म्हटलं की चिडचिड तासभर लांबते. मग बदल असा: साडेचारला चहा आणि काहीतरी खायला, पाचला सगळे दिवे लावून पडदे ओढणं, आणि वाद न घालता ‘चला, जाऊ’ म्हणून चप्पल घालून खाली एक फेरी. परत आल्यावर ते बहुधा घरीच आलेले असतात. हे खोटं बोलणं नाही का, असा प्रश्न शुभंकर विचारतात. त्यांना विचारावं की खरं सांगून आतापर्यंत किती वेळा उपयोग झाला.

सर्वांत जास्त जिव्हारी लागतं ते ‘माझ्या बांगड्या सुनेनं घेतल्या’. सासूबाईंच्या आठवणीतून बांगड्या ठेवल्याची जागा गेली आहे आणि रिकाम्या जागेचा अर्थ लावायला मेंदूने जवळचं माणूस निवडलं आहे. सर्वांत जास्त वेळ हाताशी असणाऱ्यावरच आळ येतो. नाकारू नये, पुरावे देऊ नयेत. ‘चला, शोधू’ म्हणून सोबत शोधावं, वाटेत दुसऱ्या कामात गुंतवावं. खरे दागिने लॉकरमध्ये आणि हाताशी बेंटेक्सच्या बांगड्या, नेहमीची पर्स हरवते म्हणून तशीच दुसरी एक. समुपदेशकाचं खरं काम मात्र पुढचं आहे. नणंदा, जावा आणि शेजारच्या काकूंना सुनेच्या उपस्थितीत सांगायचं, की हा आजाराचा भाग आहे. सासूबाईंच्या आरोपापेक्षा तो ऐकून नातेवाइकांच्या चेहऱ्यावर उमटलेली शंका सुनेला जास्त लागते.

एक इशारा. वागणं एक-दोन दिवसांत अचानक बिघडलं, एकदम सुस्ती किंवा एकदम भ्रम, तर नोंदवही बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावं. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणं, दुखणं, नवं औषध, यांतलं काहीतरी बहुधा निघतं. म्हाताऱ्या माणसाला अशा वेळी ताप असेलच असं नाही.

घरची बैठक

‘काही लागलं तर सांग हं’ या वाक्याने आजवर कुणाची एक रात्रही झोप झालेली नाही. बैठकीत त्याचं वार, वेळ आणि नावात रूपांतर करायचं असतं.

वेळ दीड तास, त्याहून लांबवू नये. भाऊ, बहिणी, सुना, जावई आणि वयात आलेली नातवंडं, सगळ्यांना बोलवावं. परगावचे व्हिडिओ कॉलवर. आधी भरलेलं चोवीस तासांचं पान सगळ्यांना दाखवावं, आणि ते वाचून दाखवणारा शुभंकर नसावा. शुभंकराने वाचलं की ती तक्रार ठरते, तिसऱ्याने वाचलं की माहिती. मग कामांची यादी: रात्रीची पाळी, आंघोळ, दवाखान्याच्या फेऱ्या, औषधं आणणं, बँक आणि पेन्शनचे कागद, सांभाळायला ठेवलेल्या मावशींचा पगार, डायपरचा खर्च. प्रत्येक कामासमोर नाव. ‘महिन्यातले पहिला आणि तिसरा रविवार, सकाळी दहा ते पाच, धाकटा भाऊ’ इतकं नेमकं. शेवटी त्या कागदाचा फोटो सगळ्यांना पाठवायचा आणि सहा आठवड्यांनी पुन्हा भेटायची तारीख तिथेच ठरवायची.

लांब राहणाऱ्यांनी नुसते पैसे पाठवून सुटू नये, पण पैशाला कमीही लेखू नये. रात्रीची मावशी त्याच पैशातून येते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या बहिणीला एक काम फार चांगलं जमतं. इथे रात्रीचे दोन वाजतात तेव्हा तिच्याकडे दुपारचे साडेतीन किंवा साडेचार झालेले असतात. शुभार्थीला परत झोपवून ताटकळत बसलेल्या वहिनीशी त्या वेळी बोलणारं माणूस अख्ख्या इमारतीत दुसरं नसतं.

बैठक मोडते ती बहुधा घराच्या वाटणीवरून. तो विषय निघाला की ‘त्यासाठी वेगळा दिवस’ म्हणून लिहून बाजूला ठेवावा. समुपदेशकाने त्यात अजिबात मत देऊ नये.

मोकळे तास

आठवड्यातून दोन तासांपासून सुरुवात करावी. ब्युरोची मावशी किंवा नातेवाईक पहिल्या तीन वेळा शुभंकर घरात असतानाच येऊ द्यावा, म्हणजे शुभार्थीला चेहरा सवयीचा होतो. जेवण कसं भरवायचं, कोणत्या शब्दाने बिथरतात, शू लागली की काय करतात, हे एका पानावर लिहून भिंतीला लावावं. चौथ्या वेळी शुभंकराने बाहेर पडायचं.

इथे गडबड ठरलेली असते. शुभंकर त्या दोन तासांत रेशन, बँक आणि गिरणी उरकून येते. म्हणून हे तास कामाचे नाहीत, हे आधीच ठरवावं. कामांसाठी वेगळे तास मागून घ्यावेत. दुसरी गडबड अशी की पहिल्याच दिवशी शुभार्थी रडतो किंवा जेवत नाही आणि शुभंकर म्हणते, ‘बघा, मीच लागते.’ चार-पाच वेळा तरी होऊ द्यावं, मग निर्णय घ्यावा.

पुढे कुणाकडे

गेल्या दोन आठवड्यांत कशातही रस वाटला नाही असं किती दिवस झालं, आणि उदास किंवा हताश किती दिवस वाटलं? या दोन प्रश्नांना प्रत्येकी ० (एकही दिवस नाही) ते ३ (जवळजवळ रोज) गुण असतात. बेरीज ३ किंवा जास्त आली तर शुभंकराला स्वतःसाठी डॉक्टरांकडे पाठवावं. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी असते. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. ‘सासूबाईंची औषधं आणायला जातेच आहे, तेव्हाच माझंही दाखवते’ असं म्हणू देऊ नये. दोन केसपेपर, दोन वेगळ्या वेळा.

गट चालवायचा असेल तर सहा ते दहा शुभंकर, महिन्यातला ठरलेला वार, दीड तास. शुभार्थींना दुसऱ्या खोलीत कुणीतरी सांभाळायला हवं, नाहीतर येणाऱ्यांची संख्या तिसऱ्या महिन्यात निम्मी होते. प्रत्येकाने पाच मिनिटं बोलायचं, मध्ये सल्ला नाही. औषधं, तेलं, काढे सुचवायचे नाहीत, हा नियम दरवेळी सुरुवातीला वाचावा. व्हॉट्सअॅपवर सुप्रभात आणि फॉरवर्ड बंद, म्हणजे रात्री तीनला कुणी ‘जागं आहे का?’ लिहिलं तर ते दिसतं.

शुभार्थी गेल्यानंतर

भेटी तिथे थांबवू नयेत. तेरावं होईपर्यंत घरात माणसं असतात, घर खरं रिकामं होतं ते चौदाव्या दिवसापासून. तिसऱ्या आठवड्यात, मग दीड महिन्याने आणि तीन महिन्यांनी जावं. रात्री दोनला अजून जाग येते, हे बहुतेक शुभंकर सांगतात. ती सवय जायला काही महिने लागतात, एवढं सांगावं. सुटल्यासारखं वाटलं आणि त्याचीच लाज वाटतेय, हेही बाहेर येईल. उरलेले डायपर, वॉकर, हवेची गादी कुणाला द्यायची ते तिच्याबरोबर बसून ठरवावं. झोपेच्या उरलेल्या गोळ्या मात्र त्याच दिवशी घराबाहेर न्याव्यात. आणि तिच्या बीपीच्या गोळ्या कधी संपल्या, ते पुन्हा एकदा विचारावं.